२६ जानेवारीला पुण्याचे दोस्त नागपूरला येऊन राहिले, सगळ्यांनी वाचा

सकाळी ८ ला झिरो माईलच्या घोड्यांजवळ जमायचं, उशीर नको. आधी सीताबर्डीचा किल्ला, कारण तो लष्कराच्या ताब्यात आहे आन् वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो, १८१७ ला भोसले-इंग्रज लढाई तिथंच झाली, ते पाहुण्यांना नीट सांगा.

- ओळखपत्र सोबत ठेवा, आत फोटोचं आधी विचारा
- गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी आजच नाव टाका

मग दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली ती जागा, स्तूपात चपला बाहेर, मोबाईल बंद, गप्पा नकोत, हे पक्कं.

दुपारी सावजी जेवण, तिखट न झेपणाऱ्यांचं आधीच कळवा.