पटसंख्येपेक्षा कायद्याकडे पाहा

सरकारने १५ मार्च २०२४ रोजी काढलेल्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शाळेत किती शिक्षकपदे ते ठरवण्याच्या, शासन निर्णयामुळे कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांतील शिक्षकपदे धोक्यात आली. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली पदवीधर शिक्षिका आहे. माझा विषय गणित. समाजशास्त्राचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आले नाही आणि इतिहास-भूगोलही माझ्याकडे आले. मी मनापासून शिकवले. पण सातवीला अपूर्णांक समजावताना सहावीची मुले नकाशा उघडून नुसती बसून राहत. त्यांचा तो वेळ कोणत्या हिशेबात धरायचा?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा याबाबत संदिग्ध नाही. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी उच्च प्राथमिक स्तरावर किमान एकेक शिक्षक हवा, असे त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. पट कमी असेल तर ही अट सोडावी, असे तिथे कुठेही नाही. वाडी-वस्तीवर पट कमीच असणार, तिथे माणसेच कमी राहतात! जवळच्या मोठ्या शाळेत जा म्हटले, तर आधी गळतात त्या मुली, हे मी वर्गात पाहिले आहे.

शिक्षकपदे हा खर्चाचा प्रश्न आहे, हे मान्य. मग तो विधिमंडळात मांडा. अनुसूचीतील किमान पदे आणि त्यांच्या वेतनाची तरतूद राज्याने कायद्यानेच बांधून द्यावी. ती शासन निर्णयाने कमी करता येऊ नयेत. येत्या अधिवेशनात ग्रामीण भागातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, ही मागणी लावून धरावी.

– एक निवृत्त शिक्षिका