दोरी बांधायचा सल्ला आजच मागे घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत सर्पदंशाच्या लेखाशेजारी तुम्ही जी चौकट छापलीय ती वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लगेच लिहितेय. लेख चांगला आहे, लेखकाबद्दल तक्रार नाही. पण चौकटीत पहिलाच मुद्दा काय, तर 'दंशाच्या वर दोरीने घट्ट आवळा', आणि शेजारी पोटरीला करकचून बांधलेल्या दोरीचं चित्र. कुठलं जुनं कात्रण उचललंत हे? छापायच्या आधी एखाद्या डॉक्टरला फोन तरी करायचा होता.

माझ्या मामाला घोणस चावली होती, लाकडं उचलताना, उजव्या हाताला. मामेभाऊ घरात सगळ्यात शिकलेला, त्याने पेपरातली अशीच एक चौकट कापून ठेवली होती आणि त्यात होतं तसंच त्याने केलं, मनगटाच्या वर सुतळी गुंडाळली आणि त्यात काडी घालून पिळली. अंगठी काढा असं त्या चौकटीत नव्हतं, त्यामुळे ते कोणाला सुचलंच नाही. हॉस्पिटलला पोचेपर्यंत हात फुगून काळानिळा, सुतळी मांसात रुतलेली आणि अंगठीच्या जागी नुसती खाच दिसत होती, ती शेवटी कटरने कापावी लागली. सुतळी मात्र डॉक्टरांनी लगेच सोडली नाही. आधी सलाईन लावलं, अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं आणि मग हळूहळू सोडली, कारण अडकलेलं विष एकदम अंगात गेलं तर पेशंट तिथल्या तिथे कोसळू शकतो. मामा वाचला, पण दोन बोटं गेली. घोणशीचं विष स्वतःच मांस सडवतं, रक्त गोठू देत नाही, त्यात वरून रक्तपुरवठाही तोडला तर त्या हाताचं काय होणार हो? मामेभाऊ अजून विचारतो, पेपरात होतं तसंच केलं ना मी? त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साप चावून जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात, आणि त्याच्या साधारण तिप्पट लोकांचा हात-पाय कापावा लागतो किंवा ती कायमची अपंग होतात. या दुसऱ्या आकड्याबद्दल कोणी बोलतच नाही.

आता कोणी म्हणेल ऑस्ट्रेलियात बांधतात की. तो प्रकार वेगळा आहे. १९७९ मध्ये तिथले विष-संशोधक स्ट्रुआन सदरलँड वगैरे मंडळींनी तो मांडला, त्यात रुंद इलॅस्टिक बँडेज सगळ्या हाताला किंवा पायाला गुंडाळून लाकडी पट्टी लावतात, तेही मुख्यतः तिथल्या मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषांसाठी. दोरी, नाडी, सुतळी नाही!

दुसरा मुद्दा तर आणखी धोकादायक. 'दातांच्या दोन खुणा नसतील तर साप बिनविषारी, घाबरू नये.' अहो, मण्यार रात्री झोपेत चावते, दात एवढे बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही, दुखतही नाही. मग काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. तुमची चौकट वाचून असा माणूस कूस बदलून परत झोपेल. आणि अशा पेशंटचा श्वास थांबला तरी सगळं संपलं असं नसतं, तोंडाने श्वास देत देत हॉस्पिटलपर्यंत नेलं आणि तिथे व्हेंटिलेटर मिळाला तर तो वाचू शकतो. हे छापायला हवं होतं.

बाकी जे करायचं ते फार थोडं आहे. माणसाला झोपवून धीर द्या, चालवू नका, कारण स्नायू हलले की विष पुढे ढकललं जातं. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, चावलेला हात-पाय लाकडी पट्टीच्या आधाराने स्थिर करा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा आणि निघा. ब्लेड नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच नाही, त्याने रक्तस्राव वाढतो. साप मारून बरोबर नेण्यातही वेळ घालवू नका, तुटलेलं डोकंसुद्धा चावतं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

आणि हो, 'विषारी नाग' म्हणून जो फोटो छापलाय तो धामणीचा आहे. बिनविषारी धामण अशीच नाग समजून मारली जाते. मागे एकदा असंच पत्र पाठवलं होतं तर तुम्ही ते इतकं छाटलंत की 'बांधू नका' हेच वाक्य गेलं, यावेळी कृपा करून छाटू नका.

दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, दोरीचं चित्र काढून छापा. आणि ऑनलाइन आवृत्तीतली चौकट आजच काढा, लोक ती फॉरवर्ड करतायत, सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवरही आली.

आपली,
एक जुनी वाचक