वायरलेसवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही माहितीये, म्हणून नाव टाकत नाहीये. पण इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस, म्हणजे देशातल्या रेडिओ फ्रिक्वेन्सींचं काम बघणारी केंद्र सरकारची सर्व्हिस, मला अलॉट झाली आणि तेव्हापासून हे लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये.

ज्या क्लासमध्ये बाबांनी एवढी फी भरली तिथे यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधून ही सर्व्हिस मिळते हेच धड माहीत नव्हतं. म्हणे, प्रेफरन्समध्ये खाली टाक, वॉकीटॉकीची लायसन्सं देत बसशील. आता तेच फ्लेक्ससाठी फोटो मागतायत, नौपाड्यात लावायला. नाही दिला.

तुम्ही पहिल्याच दिवशी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून बसलात, आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचा, की एअरवेव्हज, म्हणजे रेडिओ लहरी, ही जनतेची मालमत्ता आहे. ते एकदा डोक्यात बसलं आणि मग २०१२ मध्ये टूजीची १२२ लायसन्सं का रद्द झाली, वायफायचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, लायसन्सशिवाय खुला का ठेवतात, सगळं एकाच धाग्यात आलं, पाठ करावं लागलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलंय सांगू? मी ८६५ मेगाहर्ट्झच्या खुल्या बँडची पॉवर लिमिट विचारली आणि तुम्ही म्हणालात, "आत्ता नक्की आठवत नाही गं, बघून सांगतो." सगळं आयुष्य डब्ल्यूपीसीत, फ्रिक्वेन्सी आणि वायरलेस लायसन्सं देणाऱ्या सरकारी ऑफिसात, गेलेला माणूस, काहीतरी आकडा ठोकून दिला असता तरी मला काय कळणार होतं! आणि रात्री जेवणं झाल्यावर तुमचा मेसेज, जुन्या वहीच्या पानाचा फोटो, १ वॉट ट्रान्समीटर, ४ वॉट ईआरपी (म्हणजे अँटेनाने एका दिशेला एकवटल्यावरची पॉवर), आणि खाली पेन्सिलने, "नवीन नोटिफिकेशन स्वतः उघडून बघ, माझ्यावर विसंबू नकोस." मी तो फोटो किती वेळ बघत बसले. क्लासमध्ये शंका विचारली की हे सिलॅबसमध्ये नाही म्हणून गप्प करायचे हो. इंटरव्ह्यूत मला एक प्रश्न नाही आला, तेव्हा सरळ सांगितलं, सर, नक्की माहीत नाही. आवाज अजिबात कापला नाही, तो तुमच्यामुळे. अशी साधी, सरळ माणसं सरकारी ऑफिसांत असतात, आपल्याला भेटतात ती बहुतेक दुसरीच.

आता एक काम. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर बी विंगवाल्यांनी तो मोबाईल बूस्टर लावलाय ना, परवानगीशिवायचा, त्याने टॉवरच्या रिसिव्हरमध्ये नुसता नॉइज जातो आणि अख्ख्या गल्लीचे कॉल कट होतात, हे तुम्ही सेक्रेटरींना कितीदा सांगितलंत, ते हसण्यावारी नेतात. मी ट्रेनिंगला निघायच्या आधी आपण दोघं परत जाऊ त्यांच्याकडे. रविवारी सकाळी चालेल का? बोलायचं मी, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.