छापून झालेले खिळे

वाई,
नागपंचमी

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोनवर जे बोललो ते बोलायला नको होते. "कथेची दहा पाने लिहायला दोन महिने लागतात का?" हे वाक्य तोंडातून गेले, तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते. रात्री झोप लागते का, एवढेच मला विचारायचे होते.

'मनोरंजन' मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात मराठी लेखकामागे संपादकाचा तगादा आहेच, आणि त्याची दुसरी बाजू मी छापखान्यात तीस वर्षे पाहिली. शेवटचे पान येत नाही म्हणून आम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर ताटकळत बसायचो आणि लेखकाच्या नावाने खडे फोडायचो. त्या वेळी त्याच्या घरी काय चालले असेल, हा विचार परवा तुझा आवाज ऐकेपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता.

छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून आपापल्या खणांत परत टाकण्याचा सगळ्यांना कंटाळा असे. मला मात्र तेच काम आवडायचे. अर्थ लावायचा नाही, चुका शोधायच्या नाहीत. अक्षर ओळखायचे आणि त्याच्या घरात टाकायचे. 'र'चा खण रिकामा झाला की मालकांनी कितीही आरडाओरडा केला तरी पुढची ओळ जुळत नसे. तू सहा वर्षांची असताना डबा घेऊन यायचीस आणि स्टुलावर चढून मला मदत करायचीस. एकदा 'ळ'चे खिळे तू 'ल'च्या खणात टाकलेस आणि गणेशोत्सवाच्या पावत्यांवर खजिनदारांचे 'लक्ष्मण' हे नाव 'ळक्ष्मण' असे छापून आले. बोलणी मी खाल्ली, तुझे नाव सांगितले नाही.

तू सध्या टेबलावरून उठतच नाहीस, असे आई म्हणते. डार्विन डाउन गावच्या घरामागील वाटेवर रोज फेऱ्या मारायचा आणि फेऱ्या मोजण्यासाठी रचलेल्या गारगोट्यांपैकी दर फेरीला एक पायाने बाजूला सारायचा, हे तूच मला वाचून दाखवले होतेस. मग सकाळी अर्धा तास चालायला काय हरकत आहे? चहा कागदांशेजारी न घेता खिडकीत बसून घ्यावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, बारानंतर दिवा मालवावा. पाहा, पुन्हा सुरू झालो. राग मानू नकोस.

अक्काचेही असेच झाले होते. आधी झोप गेली, मग जेवण, मग वह्या माळ्यावर गेल्या. तू म्हणजे अक्का नव्हेस हे मला दिवसा पक्के ठाऊक असते. पहाटे तीनला जाग आली की खात्री वाटत नाही.

मागच्या वर्षीचा तुझा अंक देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. त्यातल्या अक्षरांना खिळ्यांचा दाब नाही, तरी तुझे नाव मी बोटाने चाचपून पाहिले. हे आईला सांगू नकोस.

आज चिरणे-तळणे नाही, म्हणून आईने पुरणाची दिंडे केली आहेत. दुपारच्या एसटीने येणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर डबा पाठवत आहे; लगेच खा. सोबत मोड आलेले वाल आहेत. लहानपणी तू परातीपुढे तासभर बिरडे सोलत बसायचीस आणि मध्येच स्वतःशी हसायचीस. काय सुचले ते कधी सांगितले नाहीस. संध्याकाळी कथेचे कागद मिटून तेवढे सोल. सोलता सोलता डोळा लागला तर वाल तसेच राहू देत.

तुझे
बाबा