दिवाळीची पोस्त, प्लंबर-वायरमन आणि प्राप्तिकर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोस्त देण्याघेण्याचे दिवस आले. वॉचमन, सफाई कामगार, पेपरवाला यांच्याबरोबरच वर्षभर हाकेला धावून येणारा प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, एसी-गिझर दुरुस्त करणारा यांच्याही हातावर दिवाळीत पाचशे-हजार रुपये ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. यंदा मात्र यातले बरेच जण ‘यूपीआय नको, रोख द्या’ म्हणू लागले आहेत. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. ती बातमी मोबाइलवरून घरोघरी पोचली आणि धसका बसला. दुसरीकडे ‘सणाची भेट पन्नास हजारांपर्यंत करमुक्त असते’ हेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. धसकाही चुकीचा आणि दिलासाही चुकीचा. दोन्हींमुळे नुकसान होते ते हातावर कमावणाऱ्या माणसाचे, म्हणून हे पत्र.

आधी पन्नास हजारांचे बघू. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५६(२)(एक्स) मध्ये ही मर्यादा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मोबदल्याशिवाय मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या आत असेल तर ती करपात्र नाही, आणि त्यापुढे गेली तर फक्त वरची नव्हे, सगळीच करपात्र. पण हे कलम ‘इतर उत्पन्ना’चे आहे. जे पैसे धंद्यातूनच आले, ते तिथपर्यंत पोचतच नाहीत. धंद्यामुळे मिळालेला लाभ, मग तो रोख असो वा वस्तूरूपात, कलम २८(४) प्रमाणे धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो. वर्षभर नळ दुरुस्त करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाने दिवाळीत दिलेले हजार रुपये प्लंबरला मिळाले ते तो प्लंबर आहे म्हणून. त्याच्या डायरीत ती जमाच आहे.

‘पण गिऱ्हाइकाने प्रेमाने दिले, मागितले नव्हते’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी होऊन गेला आहे. वेदान्त शिकवणाऱ्या पी. कृष्ण मेनन यांना त्यांच्या एका शिष्याने मोठ्या रकमा दिल्या होत्या. १९५८ साली न्यायालयाने ठरवले की देणाऱ्याच्या मनात काय होते हे महत्त्वाचे नाही. घेणाऱ्याच्या व्यवसायाशी त्या पैशाचा संबंध आहे का, हे बघायचे. संबंध होता, म्हणून रक्कम करपात्र ठरली. याच्या उलट भावनगरच्या महाराजांनी आपले निवृत्त दिवाण अनंतराय पट्टणी यांना दिलेले पाच लाख रुपये १९६१ साली करमुक्त ठरले, कारण ती भेट कामाचा मोबदला नसून व्यक्तीबद्दलच्या आपुलकीची होती. हॉटेलातल्या वेटरांच्या टिपांबद्दल २०१६ साली आयटीसी या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात निकाल लागला: टीप म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे हॉटेलने त्यावर पगारासारखा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा नाही, पण वेटरच्या हाती ती करपात्रच. टिपा करमुक्त झाल्या, असा त्या निकालाचा अर्थ अजूनही सांगितला जातो, तो खरा नाही.

सख्खी मावशी आपल्या वायरमन भाच्याला भाऊबीजेच्या सुमारास पाच हजार देते, ते मात्र वेगळे. नातेवाइकांकडून आलेल्या भेटीला मर्यादाच नाही. फक्त कायद्यातली नातेवाइकांची यादी आपल्या गोतावळ्यापेक्षा छोटी आहे. आई-वडील, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी त्यात आहेत. चुलतभाऊ, मामेभाऊ नाहीत. आणि ‘पाच हजारांपर्यंतची वस्तू माफ’ हा नियम मालकाने नोकराला दिलेल्या भेटीचा आहे. स्वतंत्र काम करणाऱ्याला तो लागू नाही.

आता मुद्द्याचे. पोस्त करपात्र आहे म्हणजे तिच्यावर कर भरावा लागतो असे नाही. बहुतेक कारागिरांना एक रुपयाही भरावा लागणार नाही, आणि हेच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

एखाद्या वायरमनची वर्षाची जमा ९,६०,००० रुपये धरू. त्यातले ७,२०,००० यूपीआय वा बँकेतून आणि २,४०,००० रोख. कलम ४४एडी प्रमाणे त्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजित नफा दाखवता येतो: बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. म्हणजे ४३,२०० अधिक १९,२००, एकूण ६२,४०० रुपये. दिवाळीत त्याला ६,००० रुपये रोख पोस्त मिळाली तर उत्पन्नात भर पडते ४८० रुपयांची. तीच पोस्त यूपीआयवर आली तर ३६० रुपयांची. म्हणजे ज्या यूपीआयला तो घाबरतो, तिथे कायदा उलट कमी नफा धरतो.

पण इथे थांबू नये. ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, अशीच त्या कलमाची रचना आहे. ज्याचे काम मुख्यतः मजुरीचे आहे, त्याचा पेट्रोल, हत्यारे, हेल्पर यांचा खर्च जाऊन उरणारा पैसा ६२,४०० हून कितीतरी जास्त असतो. समजा सात लाख उरतात. ते सगळे दाखवले तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये, नव्या करप्रणालीत, पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या तीन लाखांवर ५ टक्क्यांनी १५,००० रुपये होतात आणि कलम ८७ए च्या सवलतीत तेही पूर्ण माफ होतात. ही सवलत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. सात लाख दाखवले तरी कर शून्य आणि ६२,४०० दाखवले तरी शून्य. मग कमी का दाखवायचे? बँकेत घरासाठी किंवा टेम्पोसाठी कर्ज मागायला गेल्यावर विवरणपत्र बघितले जाते. वर्षाला साठ हजार कमावणाऱ्याला किती कर्ज मिळणार? शिवाय खात्यात दरवर्षी तीन लाखांची बचत साठते आहे आणि उत्पन्न साठ हजार, तर ‘हा पैसा आला कुठून’ हा प्रश्न कधीतरी समोर येतोच.

एक गैरसमज इथेच खोडून काढतो. बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे विवरणपत्र भरायचे नाही असे नव्हे. नव्या प्रणालीत उत्पन्न चार लाखांवर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. सवलत त्या विवरणपत्रातूनच मिळते. साध्या धंद्याला सुगम म्हणजे आयटीआर-४ पुरतो. त्यात पोस्त ‘करमुक्त उत्पन्ना’च्या रकान्यात टाकू नये, आणि ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवून त्यातून पन्नास हजार वजाही करू नयेत. मजुरीच्या जमेतच मिळवावी. मिठाईचा पुडा किंवा फराळाचा डबा यांची किंमत लावत बसण्यात काही हशील नाही, असे माझे मत. चांदीचे नाणे, मिक्सर, मोबाइल अशी भेट मात्र लिहून ठेवावी.

खरी गुंतागुंत घरगुती पोस्तीत नाही, ती कंपन्यांच्या आणि दुकानदारांच्या बक्षिसांत आहे. रंगाच्या डब्यात कूपन निघते, वायरच्या बंडलावर क्यूआर असतो, नळ-फिटिंगच्या खोक्यावर गुण असतात. कारागीर ते स्कॅन करतो आणि पैसे थेट खात्यात येतात, किंवा दिवाळीला भेटवस्तू येते. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर प्रमाणे एका कंपनीकडून वर्षभरात असा लाभ २०,००० रुपयांपुढे गेला की तिला त्यावर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. वस्तू असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती द्यायची असते. पॅन दिलेला नसेल तर दर २० टक्के. घरगुती गिऱ्हाइकाला यातले काहीच लागू नाही. हे व्यवसाय करणाऱ्या देणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही छोट्या वैयक्तिक व्यावसायिकांना वगळलेले आहे.

यात नेहमी होणारी गडबड अशी. रंगकामाच्या ठिकाणी पाच-सहा जण राबतात, पण सगळ्या डब्यांची कूपने मुकादम आपल्या एकट्याच्या मोबाइलवरून स्कॅन करतो आणि पैसे नंतर रोख वाटतो. कंपनीच्या नोंदीत सगळा लाभ मुकादमाच्या पॅनवर. वर्षाअखेर त्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ४५,००० रुपयांचा लाभ आणि ४,५०० रुपयांचा टीडीएस दिसतो. त्याच्या विवरणपत्रात दोन्ही नसतात आणि तफावतीचा संदेश येतो. उपाय साधा आहे. प्रत्येकाने आपल्या नावाने नोंदणी करावी. ते जमत नसेल तर वाटलेले पैसे तारीख आणि सही घेऊन लिहून ठेवावेत. विवरणपत्र भरण्याआधी ई-फायलिंग पोर्टलवर एआयएस उघडून बघावे, लाभ पूर्ण किमतीने उत्पन्नात घ्यावा आणि टीडीएसचा दावा करावा. कर शून्य असेल तर ते ४,५०० रुपये परत मिळतात. विवरणपत्रच भरले नाही तर ते सरकारजमा राहतात, आणि अनेकांचे राहतात.

दुकानदार ‘गिऱ्हाईक आणलेस म्हणून’ जे टक्के देतो, ती पोस्त नव्हे, दलाली आहे. दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी चालत नाही. ही रक्कम नियमित येत असेल तर सुगम भरण्याआधी जाणकाराला विचारावे. यात चुकलेले नंतर निस्तरणे अवघड जाते.

आता जीएसटी. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पोस्तीमुळे कोणी ही मर्यादा ओलांडणार नाही, सामानामुळे मात्र ओलांडू शकतो. बाथरूमच्या कामात ३,००० मजुरी आणि १८,००० चे सामान असेल आणि गिऱ्हाइकाने सगळे २१,००० प्लंबरच्या खात्यात टाकले, दुकानाचे बिलही प्लंबरच्या नावाने फाडले, तर उलाढाल २१,००० ची होते. बिल गिऱ्हाइकाच्या नावाने घेतले आणि सामानाचे पैसे गिऱ्हाइकाने थेट दुकानदाराला दिले, तर उलाढाल ३,००० ची. बंगळुरूच्या नोटिसांमागेही वर्षभराची एकूण यूपीआय जमा नोंदणीच्या मर्यादेपलीकडे दिसणे हेच कारण होते, पाचशे रुपयांची भेट नव्हे.

म्हणून कारागिरांनी एवढे करावे. धंद्याचे खाते आणि क्यूआर वेगळा ठेवावा, म्हणजे भिशीचे, भावाने पाठवलेले, उसने परत आलेले पैसे जमेत मिसळणार नाहीत. बायकोच्या नावाचा क्यूआर लावून पैसे तिकडे वळवू नयेत. काम ज्याचे, उत्पन्न त्याचेच धरले जाते, आणि जाब मात्र दोघांना द्यावा लागतो. वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, गिऱ्हाईक, मजुरी, सामान, पोस्त.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठीही एक गोष्ट. प्लंबरशी महिना ८,००० रुपयांचा वार्षिक करार आहे, म्हणजे ९६,०००. दिवाळीचे ५,००० त्याच्याच बिलात जोडून दिले की वर्षाचा आकडा १,०१,००० होतो, कलम १९४सी ची एक लाखाची मर्यादा ओलांडली जाते आणि १ टक्क्याप्रमाणे १,०१० रुपये टीडीएस कापावा लागतो. मार्चमधल्या शेवटच्या बिलाच्या वेळी हे लक्षात येते, आणि मग तो सगळा एकाच बिलातून कापला जातो. प्लंबरला पैसे का कमी आले हे कोणी समजावून सांगत नाही. सभासदांनी आपापसात वर्गणी काढून पोस्त परस्पर दिली तर सोसायटीच्या खात्याचा संबंधच येत नाही. सोसायटीच्या निधीतूनच द्यायची असेल तर वेगळे व्हाउचर करावे, आणि कारागिराचा पॅन आधीच घेऊन ठेवावा. घरून देणाऱ्यांनी यूपीआयच्या शेऱ्यात ‘दिवाळी’ एवढे लिहिले तरी त्या माणसाला वर्षाअखेर जमा ओळखायला सोपे जाते.

वर दिलेली कलमे १९६१ च्या कायद्यातली आणि आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; त्यानंतरच्या दिवाळीसाठी हे कात्रण वापरणाऱ्यांनी नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

आपला विश्वासू,
एक करसल्लागार, डोंबिवली