आईच्या डोळ्यांची तारीख

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती मधेच चिडली तरी थांबू नका.

आई, तुझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. पुढच्या महिन्याची १२. मिरजेतच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं. पैसेही भरलेत. तुला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर दिवाळी होऊ दे, मग थंडी पडू दे, मग अजून पिकू दे, असंच चाललं असतं. पिकायची वाट बघायचे दिवस गेले गं. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंग काढायचे, टाके घालायचे, म्हणून डॉक्टरच थांबा म्हणायचे. आता तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि घडीचं नवं भिंग बसवतात. मोतीबिंदू जितका कडक होईल तितका फोडायला जोर जास्त लागतो, आणि त्या जोराचा त्रास बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला होतो. म्हणून थांबायचं नाही.

बाबांनी फोनवर खरं कारण सांगितलं. १४ जुलै २०२५ ला सिनेमातल्या सरोजादेवी गेल्या, बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी, ८७ व्या वर्षी, आणि त्यांचे डोळे दान केले हे ऐकून तू आठवड्याच्या आत नेत्रदानाचा फॉर्म भरलास. आता तुला वाटतंय की ऑपरेशन केलेला डोळा पुढं कोण घेणार? अगं, घेतात. दान होतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आणि मोतीबिंदू असतो त्याच्या मागच्या भिंगात. भिंग बदललं तरी पडदा चांगला असला की चालतो. चष्मा असो, साखर असो, वय ८७ असो, त्यानं अडत नाही. तुझ्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही करणार आहे. बाबा, तुम्हीही करा. फॉर्म भरला तरी त्या वेळी घरच्यांनी होकार दिला नाही तर काहीच होत नाही. पुढच्या जन्मी आंधळं व्हायला होतं हे आत्यानं सांगितलेलं मनातून काढून टाका. तुम्हाला दुखवायला म्हणत नाही, पण आईची इच्छा आहे ती.

सरोजादेवींबद्दल वाचत होते तेव्हा सारखे तुम्हीच डोळ्यांसमोर येत होता. १९३८ सालचा जन्म, घरातली चौथी मुलगी. वडील भैरप्पा पोलीस खात्यात. त्यांनीच तिला नाच शिकायला लावलं. स्टुडिओत बरोबर जायचे, स्वतः घुंगरू बांधायचे आणि नाचून सुजलेले पाय रात्री चेपून द्यायचे. बाबा, माझ्या बुटांच्या नाड्या तुम्ही सातवीपर्यंत बांधल्यात, त्यामुळं तिथं वाचताना मला पुढं जाता येईना. आणि आई रुद्रम्मांचा नियम एकच, बिनबाह्यांचा ब्लाउज नाही आणि पोहण्याचा पोशाख नाही. तमिळ, तेलुगू, हिंदी, कुठंही काम केलं तरी त्यांनी तो मोडला नाही. आई, तुलाही हेच सर्वांत आवडायचं ना?

तेराव्या वर्षी एका कार्यक्रमात गाताना त्या सिनेमावाल्यांच्या नजरेस पडल्या आणि १९५५ मध्ये होन्नप्पा भागवतरांबरोबर ‘महाकवि काळिदास’ आला. तिथून पुढं जवळपास दोनशे चित्रपट, त्यांतले तमिळ नायकांपैकी २६ एमजीआरबरोबर आणि २२ शिवाजी गणेशनबरोबर. तमिळ लोक त्यांना ‘कन्नडत्तु पैंगिळी’ म्हणायचे, कन्नड मुलखातला राघू. त्यांच्या तमिळमधला कन्नड हेल कधी गेला नाही आणि लोकांनी त्या हेलावरच जीव टाकला. तुझ्या मराठीत बेळगावचा हेल आहे, त्यावरून आपल्याकडच्या बायका हसल्या की तू गप्प बसायचीस. बसू नकोस. मला घरची आठवण येते ती त्याच आवाजात.

ऑपरेशननंतर बघायला मी यादी केली आहे, टीव्हीवर लावून देईन. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की थोडं थोडं बघता येतं. अर्ध्या तासानं टीव्ही बंद करून डोळे मिटून पडायचं, कारण टीव्ही बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडून खुपतो.

पहिला ‘नाडोडी मन्नन’, १९५८ चा. हा मुद्दाम. त्याचा पहिला भाग काळा-पांढरा आहे, आणि सरोजादेवी येतात त्या भागापासून सिनेमा रंगीत होतो. म्हाताऱ्या भिंगाला पिवळट रंग चढलेला असतो, त्यामुळं तुला कित्येक वर्षं निळं मातकट आणि पांढरं मळकं दिसतंय. म्हणून तर तू बाबांचे सदरे पुन्हा पुन्हा निळीत घालतेस. नवं भिंग बसल्यावर तुला त्यांच्या साड्यांचे खरे रंग दिसतील. मग ‘अमरशिल्पी जकणाचारी’, १९६४ चा, कन्नडमधला पहिला रंगीत चित्रपट. ‘कित्तूर चन्नम्मा’ काळा-पांढरा आहे, पण तो सोडायचा नाही. १९६१ मध्ये सरोजादेवी तेवीस वर्षांच्या होत्या, राणीचं काम आणि समोर कन्नडमधले राजकुमार. कित्तूर तुझ्या माहेरापासून काही लांब नाही. त्यात त्यांचे डोळे बघ. रागाच्या वेळी त्या पापणी लववत नाहीत, आणि तुला ते दिसलंच पाहिजे.

बाबांसाठी ‘पांडुरंग माहात्म्यम्’, १९५७ चा, त्यांचा पहिला तेलुगू. तेलुगू नायक एनटीआर पुंडलिक आहेत आणि ज्या कलावतीपायी तो आई-बापांना विसरतो ती सरोजादेवी. हा तुम्ही दोघं बघा, मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन. दहा दिवसांचीच रजा मिळाली आहे, याहून जास्त जमलं नाही. ते माझ्या मनाला लागून आहे.

हिंदीतला ‘पैगाम’ बाबांना ठाऊकच आहे. १ मार्च १९६७ ला सरोजादेवींचं लग्न झालं तरी त्यांनी काम सोडलं नाही. १९६९ मध्ये पुट्टण्णा कणगाल यांचा ‘मल्लम्मन पवाड’ आला, त्याच वर्षी पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण. शेवटचा ‘नटसार्वभौम’ २०१९ चा. ८१ व्या वर्षी त्या दिव्यांच्या झोतात उभ्या राहिल्या, आणि तू सत्तरीत म्हणतेस आता डोळे करून काय करायचंय!

आता नीट ऐका. ११ ला रात्री डोक्यावरून अंघोळ, तेल नाही, काजळ नाही. १२ ला सकाळी बीपीची गोळी घ्यायची. साखरेच्या गोळीचं डॉक्टर सांगतील तसं. डोळा थेंबांनी बधिर करतात, सुई टोचत नाहीत, वीसेक मिनिटांचं काम. फक्त उजेड दिसेल. खोकला आला तर आधी सांगायचं, डोकं हलवायचं नाही. घरी आल्यावर दहा दिवस मानेखालूनच अंघोळ. रात्री प्लास्टिकची ढाल लावूनच झोपायचं, कारण झोपेत हात डोळ्यावर जातो. दोन औषधांच्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. थेंब चार ते सहा आठवडे कमी करत न्यायचे, बरं वाटलं म्हणून मधेच बंद नाही. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आदल्या दिवसापेक्षा धूसर दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या बघू म्हणायचं नाही.

चुलीशी तू जायचं नाहीस. फोडणीचा धूर आणि वाकून भाकरी थापणं दोन्ही बंद. कोपऱ्यावरच्या मावशींना सांगितलंय, ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, पालेभाजी, लसणीची चटणी. ताक सायंकाळी नको, तुला खोकला होतो. तुझी उशी, तुझी जुनी चादर, सगळं पुढच्या खोलीत हलवीन, म्हणजे रात्री उंबरा ओलांडावा लागणार नाही. दुसऱ्या डोळ्याचं पुढं बघू, त्याची तारीख तुला विचारून घेईन.

मी १० ला रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघते, ११ ला मिरजेत. बाबा, स्टेशनावर येऊ नका, मी रिक्षानं येईन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, आई ती रक्त पातळ करायची छोटी गोळी घेते, ते डॉक्टरांना आधी सांगा, तुमच्या मनानं बंद करू नका. आणि तुमच्या लघवीच्या गोळीचं पाकीटही बरोबर न्या. तुमचा मोतीबिंदू निघेल तेव्हा ती गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना माहीत असावं लागतं. त्यातल्या काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही.