खुले पत्र : माझ्या मुलीने ‘टेन्शन’ घेतलेले नाही

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, स.न.वि.वि.

मी पुण्यात एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त काढायचं, सीरम वेगळं करायचं, रिपोर्टवर आकडे चढवायचे, हेच माझं काम. ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे दोन शब्द मी हजारो वेळा उच्चारले असतील. ते ऐकणाऱ्याच्या बाजूला बसायची वेळ आली, ती माझ्या मुलीमुळे.

एप्रिल २०२१ मध्ये तिला कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. ताप उतरला, पण थकवा काही उतरला नाही. सहा महिन्यांत हिंजवडीची नोकरी सुटली. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, सगळं मर्यादेत. एका डॉक्टरांनी सांगितलं, “टेन्शन घेऊ नका, रोज पर्वती चढायला लागा.” मुलगी गुणी, तिने तीन दिवस त्या १०३ पायऱ्या चढल्या. चौथ्या दिवशी तिला उठून बसता येईना. पुढचे अकरा दिवस पडदे ओढून, अंधाऱ्या खोलीत मी तिला चमच्याने पेज भरवली. त्या तीन दिवसांआधी ती निदान स्वतःची आंघोळ करत होती, हे मी विसरू शकत नाही.

तापानंतर मुलीला जडलेल्या या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. याची मुख्य खूण साधा थकवा नव्हे. थोडे श्रम झाले की लगेच नाही, एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटत नाही, उभं राहिलं की गरगरतं, बोलता बोलता शब्द हरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १९६९ पासून हा मज्जासंस्थेच्या आजारांत आहे. आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नका. आमची पर्वती त्याच सुमारास झाली.

आता ‘टेन्शन’विषयी. महोदय, या पत्राचा जीव इथेच आहे. कॉर्टिसॉलला आपण ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हणतो, आणि या आजारात त्याचं गणित बिघडलेलं आढळतं असं कुणी वाचलं, की लगेच अर्थ लागतो : बघा, म्हणजे ताणच! हा अर्थ चुकीचा आहे. कॉर्टिसॉल हे शरीराचं रोजचं काम करणारं संप्रेरक आहे. पहाटे ते चढतं, मध्यरात्री उतरतं. साखर, रक्तदाब, सूज, प्रतिकारशक्ती, सगळीकडे त्याचा हात असतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना सांगते, आणि पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच वर जाऊन ‘आता थांबा’ म्हणतं. मनावर ताण घेणाऱ्या माणसाचं कॉर्टिसॉल वाढेल अशी आपली कल्पना. या रुग्णांत, अनेकांची सरासरी काढली, तर ते किंचित कमी भरतं. १९९१ पासून हे संशोधनात दिसत आलं आहे. एकट्या रुग्णाचा सकाळी आठचा नमुना मात्र बहुधा मर्यादेतच येतो. माझ्या मुलीचाही आला. तो नमुना रक्तात किती आहे ते सांगतो, पेशींना ते किती ऐकू येतं हे सांगत नाही.

तिथे एपिजेनेटिक्स येतं. पोथीतलं अक्षर बदलत नाही, पण कुठला अध्याय उघडायचा आणि कुठला मिटून ठेवायचा, याच्या खुणा बदलतात, तसं हे. जनुकांवर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चिकटतात किंवा सुटतात; चिकटल्या की तो अध्याय बहुधा मिटतो, सुटल्या की उघडतो. आजारपण, संसर्ग, परिस्थिती यांनी या खुणा हलू शकतात. बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या संशोधकांना २०१५ साली या रुग्णांत कॉर्टिसॉल ग्रहण करणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकावर अशा खुणा कमी आढळल्या. म्हणजे तो अध्याय जास्त उघडा, आणि कॉर्टिसॉलचा ‘थांबा’ हा निरोप त्यांच्या शरीराला गरजेपेक्षा मोठ्याने ऐकू येत असावा. टोरांटोच्या गटाने २०१७ मध्ये ४९ रुग्ण आणि २५ निरोगी माणसांच्या रक्तातल्या प्रतिकारपेशी तपासल्या, तेव्हा १२,६०८ ठिकाणी फरक निघाला. काही रुग्णांच्या पेशी कॉर्टिसॉलसारख्या औषधाला इतरांहून जास्त संवेदनशील होत्या. अभ्यास लहान आहेत, आणि या खुणा आजाराचं कारण की परिणाम, हे त्यांतून ठरत नाही. पण ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्याला पेशीतला हा फरक कुठे ठेवायचा, ते सांगावं लागेल.

म्हणून कॉर्टिसॉलच्या गोळ्या द्या, असं मी म्हणत नाही. १९९८ साली अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉलच, देऊन पाहिलं होतं. थोडा फरक पडला, पण काहींच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावल्या आणि त्या संशोधकांनीच हा उपचार नको असं लिहिलं.

संसर्ग गेल्यावरही शरीर बिघडलेलं राहू शकतं, हे पुण्याला शिकवावं लागू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव इथे गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने गेले. ‘टेन्शन घेऊ नका’ असं कुणी त्यांना म्हणालं नाही. त्या आजारात हातपाय दिसतात लुळे पडलेले. आमच्याकडे दिसण्यासारखं काही नाही, एवढाच फरक.

माझी पहिली मागणी बिनखर्चाची आहे. आपल्या विभागाने जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या डॉक्टरांना एक पानी परिपत्रक पाठवावं : श्रमांनंतर एक-दोन दिवसांनी त्रास वाढतो का, हे विचारा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर व्यायाम वाढवायला सांगू नका. हा एक प्रश्न आम्हाला कुणी विचारला असता तर ते अकरा दिवस आले नसते.

दुसरी, औंधच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या रुग्णांसाठी ओपीडी, आणि जे जिना उतरू शकत नाहीत त्यांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तोच डॉक्टर. संशोधनासाठी लांब जावं लागणार नाही. विषाणू संस्था, पेशीविज्ञान केंद्र, आयसर ही विज्ञान संस्था, तिन्ही याच शहरात आहेत. रक्त द्यायला आम्ही तयार आहोत, नमुने नीट कसे ठेवायचे ते मला येतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही पाहावं. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव नाही. केंद्राकडे शिफारस आपणच करू शकता.

मुलगी मुंबईला येऊ शकणार नाही. आपण पुण्यात याल तेव्हा अर्धा तास द्यावा. दुपारी चारनंतर ती वीस मिनिटं उशीला टेकून बसू शकते. उरलेली दहा मिनिटं मी बोलेन.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन आणि आई
कोथरूड, पुणे